पैनगंगेचे दोन काठ : गोड्या पाण्यातील परिसंस्थांचे संशोधन आणि लोकसहभागी संवर्धन

सारांश

हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांच्या हद्दीवरील कनेरगाव नाका हे गाव प्रातिनिधिक धरून महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या परिसंस्थांच्या अभ्यासाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. नदीला सीमारेषा मानण्याच्या प्रशासकीय परंपरेमुळे आणि नदीकाठच्या ज्ञानाला शास्त्राबाहेर ठेवण्याच्या शैक्षणिक परंपरेमुळे हा अभ्यास दोन्ही बाजूंनी अपुरा राहिला, असे येथे मांडले आहे. गोंदिया-भंडारा परिसरातील तलाव पुनरुज्जीवनाच्या अनुभवाच्या आधारे पदव्युत्तर संशोधनाच्या नव्या शक्यतांचा विचार केला आहे.

बीजशब्द : पैनगंगा, गोड्या पाण्याची परिसंस्था, ढिवर, भोई, मालगुजारी तलाव, लोकजैवविविधता नोंदवही, पदव्युत्तर संशोधन

प्रस्तावना

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर कनेरगाव नाका हे गाव लागते. मराठवाडा येथे संपतो आणि पैनगंगेपलीकडे विदर्भ सुरू होतो. गावाच्या नावातील 'नाका' हा शब्द या सीमावर्ती स्थानाची आठवण जपून आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांना स्पर्श करीत चंद्रपूर परिसरात वर्धा नदीस मिळते. तिच्या प्रवाहाचा मोठा भाग कोणत्या ना कोणत्या दोन जिल्ह्यांमधील हद्द म्हणून ओळखला जातो.

नकाशावर ही रेषा सोयीची असली तरी नदीतील जीवसृष्टीला ती ठाऊक नाही. पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा मराठवाड्यातला की विदर्भातला, हा प्रश्न निरर्थक आहे. संशोधनाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न फार अर्थपूर्ण ठरतो. दक्षिण काठावरील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर उत्तर काठावरील वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी. पाटबंधारे महामंडळे दोन, महसूल विभागही दोन. एकाच नदीचे हे विभाजन कसे घडत गेले आणि त्याचा तिच्या अभ्यासावर काय परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीमा म्हणून नदी

१८५३ च्या तहानुसार निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. त्यानंतर पैनगंगेच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात उत्तरेस इंग्रजी अंमल आणि दक्षिणेस निजामी राज्य अशी स्थिती जवळजवळ शंभर वर्षे राहिली. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तर वाशीम वऱ्हाडात होते. दोन्ही काठांवरील मोजणी, महसूल, शिक्षण आणि दप्तराची भाषा निराळी झाली. वऱ्हाडात इंग्रजी पद्धतीची गॅझेटिअरे व वार्षिक अहवाल तयार होत असताना निजामी बाजूचे दप्तर फारसी-उर्दू वळणाचे राहिले. त्यामुळे या नदीविषयीच्या लिखित नोंदीही आरंभापासून दोन दप्तरांत विभागल्या गेल्या.

लोकांनी ही सीमा कधी पूर्णतः मानली नाही. सोयरिकी, बाजार, जत्रा नदीपलीकडे चालतच राहिल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात तर पैनगंगेच्या उत्तरेस, उमरखेडसारख्या ठिकाणी, कार्यकर्त्यांची सीमावर्ती शिबिरे होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ एकाच द्विभाषिक राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. राजकीय सीमा मिटली, परंतु प्रशासकीय सीमा कायम राहिली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हे स्वतंत्र जिल्हे झाल्यावर ती अधिक ठळक झाली. इसापूर धरण व त्याचे लाभक्षेत्र यांविषयीच्या चर्चेत विदर्भाचे पाणी आणि मराठवाड्याचे पाणी ही भाषा रूढ झाली. या भाषेत पाण्याचा हिशेब दलघमीत होतो. पाण्यातील जीवांचा उल्लेख क्वचितच येतो.

नावे कोणाची?

महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातील माशांच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यापासून मानला जातो. मुंबई सरकारचे सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून १८२४ ते १८३१ या काळात त्यांनी दख्खनचा प्रदेश पालथा घातला आणि भीमा, मुळा-मुठा इत्यादी नद्यांतील माशांची वर्णने १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. या वर्णनांचे एक वैशिष्ट्य आजही लक्षवेधी आहे. साइक्स यांनी अनेक नव्या जातींना लॅटिन विशेषणे न देता स्थानिक मराठी नावेच दिली. खुद्री, कोळस, नुक्ता, मुल्या, फुलंगी, घोगरा, शिंगटी ही नावे त्यांनी कानाला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली आणि ती जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात स्थिर झाली. महाशीर माशाच्या दख्खनी जातीचे 'टॉर खुद्री' हे नाव किंवा दगडाला चिकटून राहणाऱ्या लहान माशाचे 'गारा मुल्या' हे नाव आजही तसेच वापरले जाते.

ही नावे साइक्स यांना कोणी सांगितली? त्या सांगणाऱ्यांची नावे शास्त्राच्या इतिहासात आली नाहीत. ते नदीकाठचे मासेमार असणार, हे उघड आहे. कारण दोन सारख्या दिसणाऱ्या माशांना दोन निराळी नावे देण्याइतकी बारीक नजर ज्यांची उपजीविका त्या माशांवर आहे त्यांच्याकडेच असते. जातींचे वर्गीकरण, त्यांचे अधिवास, त्यांचा हंगाम यांविषयीचे लोकज्ञान अशा रीतीने शास्त्राच्या पायात आले. परंतु ते ज्ञान धारण करणारा समाज मात्र बाहेर राहिला. पुढे फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरील ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला आणि वर्गीकरणाचे काम अधिक पद्धतशीर झाले. पुण्याच्या माशांवर १९४२ मध्ये फ्रेझर यांनी, तसेच होरा व मिश्रा यांनी लेखन केले. १९५९ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झाले.

या जुन्या याद्यांचे महत्त्व नंतर कळून आले. २००३ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातील माशांच्या जातींमध्ये दीर्घ काळात झालेल्या बदलांवर खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या नोंदी उपलब्ध होत्या म्हणूनच 'काय नाहीसे झाले' हा प्रश्न विचारता आला. पश्चिम महाराष्ट्रातील नद्यांना असा दीडशे वर्षांचा लिखित आधार लाभला. पैनगंगेच्या सीमाभागात तुलनेचा आधार कागदापेक्षा माणसांच्या स्मरणात अधिक आहे, आणि स्मरणाचे आयुष्य पिढीपुरतेच असते.

प्रयोगशाळेतील नदी

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि या विभागात उच्च संशोधनाची दारे उघडली. तेथील प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम् यांच्या नेतृत्वाखाली गोड्या पाण्यातील खेकडे, झिंगे, शिंपले, जळू यांच्या शरीरक्रियाशास्त्रावर विपुल काम झाले. संप्रेरके, प्रजनन, विषारी द्रव्यांचे परिणाम या विषयांवरील या परंपरेने मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांना प्राध्यापक दिले. तिचे योगदान मोठे आहे. तथापि तिच्या पद्धतीत नदी ही प्रामुख्याने प्राणी मिळण्याची जागा होती. खेकडा प्रयोगशाळेत आल्यावर त्याचा अभ्यास सुरू होई. ज्या काठावरून तो आणला त्या काठाचा अभ्यास त्या प्रश्नांच्या कक्षेबाहेर होता.

१९८० च्या दशकात जलाशयांच्या भौतिक-रासायनिक अभ्यासाची लाट आली. कराडहून प्रसिद्ध झालेले त्रिवेदी व गोएल यांचे जलप्रदूषण-परीक्षणाच्या पद्धतींवरील पुस्तक जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचले. तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, क्लोराइड, कठीणपणा, तसेच रोटिफेरा, क्लॅडोसेरा, कोपेपोडा यांची मासिक गणना असा साचा स्थिर झाला. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड भागातील जलाशयांवर एम.फिल. आणि पीएच.डी.चे अनेक प्रबंध याच साच्यात तयार झाले.

या साच्याची टीका करणे सोपे आहे. तो का निर्माण झाला हे समजून घेणे अधिक आवश्यक आहे. ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाला नाव, जाळी, प्रवासखर्च किंवा सहायक मिळत नाही. अध्यापनाचा भार सांभाळून महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, बाटल्या भरून आणणे एवढेच शक्य होते. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे गुण प्रकाशनांशी जोडल्यानंतर लहान, सुटसुटीत आणि लवकर पूर्ण होणाऱ्या अभ्यासाकडे कल वाढणे स्वाभाविक होते. हे अभ्यास निरुपयोगी नाहीत. एखाद्या जलाशयाच्या वीस वर्षांपूर्वीच्या प्राणवायूच्या नोंदी आज मोलाच्या ठरू शकतात. दोष असा की एका ठिकाणची दोन वर्षांची मालिका संपली की संशोधक दुसरीकडे वळतो, आकडे प्रबंधात बंद होतात आणि ज्या गावाच्या पाण्याचे ते आकडे असतात त्या गावाला ते कधी सांगितले जात नाहीत.

जागतिक पातळीवर याच काळात विचाराची दिशा बदलली होती. व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेल्या 'नदी-सातत्य' संकल्पनेने उगमापासून मुखापर्यंत नदी ही एकसंध, क्रमाने बदलणारी परिसंस्था आहे, हे ठसवले. वरच्या भागात पडलेले पान खालच्या भागातील जीवांचे अन्न ठरते. या दृष्टीने पाहता विद्यापीठाच्या हद्दीपाशी थांबणारा नदीचा अभ्यास मूलतःच अपूर्ण ठरतो. वाशीम जिल्ह्याच्या हद्दीत पैनगंगेवर अलीकडच्या काळात बॅरेजेस उभे राहिले. वाहत्या पाण्याचे टप्पे साचलेल्या पाण्यात रूपांतरित झाल्यावर खालच्या पट्ट्यातील माशांचे काय होते, हा प्रश्न एका काठावरून सुटणारा नाही.

मत्स्यविकास आणि स्थानिक मासे

शास्त्र आणि समाज यांतील अंतर वाढवणारी आणखी एक घटना म्हणजे मत्स्योत्पादनाचा कार्यक्रम. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकांच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि रोहू, कटला, मृगल यांचे बीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागले. देशाच्या अन्नसुरक्षेच्या दृष्टीने हे यश निःसंशय मोठे होते. त्याआधी १९५२ मध्ये तिलापिया हा आफ्रिकी मासा भारतात आणला गेला होता. जलाशय म्हणजे बीज सोडून उत्पादन काढण्याचे शेत, ही कल्पना यातून बळावली.

या कल्पनेत मरळ, वाम, शिंगटी, मुरी यांसारख्या स्थानिक माशांना जागा उरली नाही. ते पोसावे लागत नाहीत म्हणून त्यांचा हिशेब ठेवला गेला नाही, आणि हिशेब नाही म्हणून त्यांच्या घटीचीही नोंद झाली नाही. वास्तविक गरीब मासेमार कुटुंबाच्या ताटात येणारा मासा बहुधा हाच असतो. ठेक्याने घेतलेल्या जलाशयातील मोठा मासा बाजारात जातो. लहान मासा घरी शिजतो. स्थानिक जातींचा ऱ्हास हा म्हणून केवळ जैवविविधतेचा प्रश्न नाही, तो भोई-ढिवर कुटुंबांच्या पोषणाचाही प्रश्न आहे.

तलाव आणि ढिवर : एक वेगळी वाट

या दोन्ही परंपरांना पर्याय देणारे उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्व टोकास सापडते. हिंगोली ज्या दिवशी स्वतंत्र जिल्हा झाला त्याच दिवशी, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या भागात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आहेत. मालगुजारी काळात त्यांच्या वापराचे नियम गावाच्या निस्तार हक्कांत नोंदलेले होते : पाणी कोणी, केव्हा, किती घ्यावे, बांधाची दुरुस्ती कोणी करावी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. जमीनदारी संपणे न्याय्यच होते. परंतु तिच्याबरोबर तलावांची सामूहिक देखभाल करणारी व्यवस्थाही विस्कटली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, आणि बाहेरचे मत्स्यबीज सोडण्यासाठी पाण्यातील वनस्पती 'तण' म्हणून काढल्या गेल्या.

अर्जुनी मोरगाव परिसरात काम करणाऱ्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि त्याचे कार्यकर्ते मनीष राजनकर यांनी ढिवर समाजाबरोबर या तलावांचा अभ्यास केला. या अभ्यासाचा आरंभ प्रश्नावलीने नव्हे, तर ढिवरांना ठाऊक असलेल्या मासे, पाणवनस्पती आणि पक्षी यांच्या नोंदीने झाला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, कोणती वनस्पती उथळ काठावर आणि कोणती खोल पाण्यात वाढते, हे ज्ञान पुढे आले आणि त्यातून निदान झाले : वनस्पती गेल्या म्हणून मासे गेले. मग बेशरम काढणे, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरणे, पावसाच्या सुरुवातीस स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करणे आणि स्थानिक मासे राखणे, असा क्रम ठरला. मासेमार सहकारी संस्था आणि पुढे ढिवर स्त्रियांचे गट या कामाचे कर्ते झाले.

शास्त्रीय दृष्टीने या कामात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, मासेमार हा माहिती पुरवणारा न राहता प्रश्न ठरवणारा झाला. दुसरी, गृहीतक प्रत्यक्ष तलावात तपासले गेले. लागवड केलेला आणि न केलेला भाग यांची तुलना ही प्रयोगाचीच रीत आहे. तिसरी, निष्कर्षाचा लाभ ज्याचे ज्ञान वापरले त्यालाच मिळाला. साइक्स यांच्या यादीत जो दुवा तुटला होता तो येथे जोडला गेला. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंडीत श्रद्धेमुळे महाशीर राखले गेले. गोंदियात तेच काम नोंद, चर्चा आणि श्रम यांतून झाले. दोन्हींत स्थानिक समाज हाच संवर्धनाचा आधार आहे.

पदव्युत्तर संशोधनाच्या संधी

गोड्या पाण्याच्या परिसंस्थेत उच्च संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज पूर्वीपेक्षा अधिक मार्ग आहेत. मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून कार्यरत आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने अलीकडच्या काळात गोड्या पाण्याची परिसंस्था व संवर्धन या विषयात स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मराठवाड्यातच उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तथापि हिंगोली किंवा वाशीमच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचे पहिले, आणि पुष्कळदा शेवटचे, दार जवळच्या महाविद्यालयाचेच असते. २०२२ मध्ये आयोगाने एम.फिल. ही पदवी बंद केल्यानंतर अध्यापन सांभाळून संशोधनाची दीक्षा देणारी एक पायरी नाहीशी झाली. ती उणीव कशाने भरून काढायची, हा प्रश्न ग्रामीण महाविद्यालयांपुढे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्राने पदवी स्तरावर क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग प्रकल्प आणि पदव्युत्तर स्तरावर संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक दिले आहेत. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात गोड्या पाण्यातील जैवविविधता हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी सेवाग्राम येथून 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू झाले. हे चारही धागे स्वतंत्रपणे चालतात. महाविद्यालयाच्या एका प्रकल्पात ते एकत्र येऊ शकतात.

कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी अशा प्रकल्पाचे स्वरूप साधे असू शकते. पैनगंगेच्या एका पट्ट्यातील दोन्ही काठांवरील मासेमारांकडून माशांची नावे, हंगाम, जाळ्यांचे प्रकार आणि वडिलांच्या काळी मिळणारे पण आता न मिळणारे मासे यांची नोंद करणे. पकडलेल्या माशांशी ती नावे ताडून पाहणे. बॅरेजच्या वर व खाली त्याच पद्धतीने पाणी व मासे यांची मोजणी करणे. आणि ही मालिका एका विद्यार्थ्यापाशी न संपवता दरवर्षी पुढच्या तुकडीकडे सोपवणे. एकट्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत जे जमत नाही ते विभागाला दहा वर्षांत जमते. नांदेड आणि अमरावती विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांनी संयुक्त मार्गदर्शन केल्यास दोन्ही काठांचे आकडे प्रथमच एका तक्त्यात येतील. वाशीम जिल्ह्यात उगम पावून हिंगोली जिल्ह्यातून वाहणाऱ्या कयाधूलाही हीच पद्धत लागू पडते.

यात दोन पथ्ये अपरिहार्य आहेत. लोकांकडून घेतलेले ज्ञान त्यांच्या संमतीने आणि श्रेयनिर्देशासह प्रसिद्ध व्हावे. तसेच निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेला समजतील अशा रूपात, गावात परत गेले पाहिजेत. शोधनिबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या अभ्यासात काटेकोर वर्गीकरण, प्रयोगशाळेतील शिस्त आणि मासिक मोजणी या तिन्ही गोष्टी कमावलेल्या आहेत. उणीव आहे ती प्रवाहाच्या अखंडतेची आणि काठावरील माणसाच्या स्थानाची. पहिली उणीव सीमेने निर्माण केली, दुसरी शास्त्र आणि उपजीविका यांत पडलेल्या अंतराने. गोंदियाच्या तलावांनी दाखवले की दुसरी उणीव भरून काढता येते आणि त्यातून शास्त्राची हानी होत नाही, उलट त्याचे प्रश्न अधिक नेमके होतात. पहिली उणीव भरून काढण्यासाठी पैनगंगेचा सीमाभाग हे योग्य क्षेत्र आहे. जुने मासे ओळखणारी पिढी अद्याप दोन्ही काठांवर आहे. तिच्याकडे वही घेऊन जाणारा विद्यार्थी त्याच भोई वस्तीतला असेल, तर साइक्स यांच्या नोंदीत न आलेली सांगणाऱ्यांची नावे या खेपेस प्रबंधात येऊ शकतील.